एक अधिक एक बावीस

‘मुंबई हाय’चे उत्पादन दहा वर्षांत साठ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असे ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीने सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक सेवेसाठी तिची निवड केली. साठचा आकडा लगोलग मथळ्यांत चढला. तेल किती, वायू किती, कोणाच्या पदरात काय पडणार, परकी कंपनी कशाला हवी, अशी चर्चा झाली आणि विरलीही. ज्या नळीतून हे तेल वर यायचे, तिच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. वास्तविक जुन्या तेलक्षेत्रात खरी हातघाई तिथेच चाललेली असते. समुद्रतळाखालून वर येणाऱ्या, मनगटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळीत वायू आणि द्रव एकमेकांना ढकलत, अडवत, ओलांडत चढत असतात. या चढाईत कोण किती खर्ची पडते, यावर साठ टक्क्यांचा बराचसा निकाल अवलंबून आहे.

रायगडच्या किनाऱ्याला हा विषय परका वाटायचे कारण नाही. ‘सागर सम्राट’ या विंधन जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल दाखवले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले आणि १९७८ पासून समुद्रतळावरच्या वाहिन्यांमधून तेल आणि वायू उरणला उतरू लागले. तेव्हापासून नागाव-पीरवाडीच्या बाजूच्या त्या टाक्या आणि रात्रंदिवस जळणारी ज्योत तालुक्याच्या ओळखीचाच भाग झाली. थळचा आरसीएफचा खतकारखाना या वायूवर उभा राहिला. उरणचे ६७२ मेगावॉटचे वीजकेंद्रही याच वायूच्या भरवशावर बांधले गेले. पुरेसा वायू मिळत नाही ही त्याची तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिची बातमीही होत नाही.

उर्वरित महाराष्ट्राला उरण आठवते ते आगीमुळे. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ओएनजीसीच्या तिथल्या प्रकल्पात भडका उडाला आणि चार जण गेले. त्याआधी २७ जुलै २००५ रोजी, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळले. घाव बसला तो रायझरवर, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर. आग भडकली, बावीस माणसे गेली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. उभी नळी तेवढ्यापुरती चर्चेत आली. ती फुटली की बातमी होते. न फुटता ती रोज काय करते, याची चौकशी करायला कोणाला सवड नसते.

तर चौकशी करू. मुंबई हायचा मुख्य तेलधारी थर चुनखडीचा, समुद्रसपाटीखाली ढोबळमानाने तेराशे मीटरवर. तेराशे मीटर उंचीची नळी पाण्याने काठोकाठ भरली तर तळाशी चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० किलो दाब पडतो. तेल पाण्यापेक्षा हलके खरे, पण वय झालेल्या विहिरीत तेलाबरोबर पाणीही भरपूर येते. क्षेत्र तरुण असताना थराचा स्वतःचा दाब आणि तेलात विरघळलेला वायू यांच्या जोरावर विहीर आपोआप वाहते. दाब ओसरला की द्रवाचा तो स्तंभ स्वतःच्याच वजनाने अडून बसतो. खाली तेल आहे, वर प्लॅटफॉर्म आहे आणि मध्ये तेराशे मीटरचे ओझे आहे.

त्यावर गॅस लिफ्टचा उपाय. वर वेगळा काढलेला वायू कॉम्प्रेसरने दाबून केसिंग म्हणजे विहिरीची बाहेरची नळी आणि ट्युबिंग म्हणजे तेल वर आणणारी आतली नळी यांच्यामधल्या पोकळीतून खाली सोडायचा. ठरावीक खोलीवरच्या व्हॉल्व्हमधून तो ट्युबिंगमध्ये शिरतो, द्रवात मिसळतो आणि स्तंभ हलका करतो. मिश्रणाची घनता निम्मी झाली तर १३० किलोंचे ६५ उरतात आणि थराला पुन्हा जोर येतो. मुंबई हायच्या बहुतेक विहिरी आता याच आधारावर चालतात. तत्त्व काही अगम्य नाही. कोकणात बोअर मारून झाल्यावर कॉम्प्रेसर लावून ती धुतात तेव्हा हेच घडते. पाणी घराच्या छपरापर्यंत उसळते, मालक हरखतो, शेजारी हेवा करतात. पुढे मोटर बसवली की धार ओशाळवाणी येते. त्या उसळीत पाण्याचा वाटा किती आणि हवेचा किती, हे त्या दिवशी कोणी विचारलेले नसते.

इथपर्यंत वायू मदतनीस आहे. मग साहजिकच मनात येते की थोड्या वायूने विहीर चालू होते, तर दुप्पट वायूने दुप्पट चालेल. मंत्रालयांना आणि महामंडळांना हा तर्क फार प्रिय असतो. निधी दुप्पट केला की काम दुप्पट होईल, हे त्याचे कोरडवाहू रूप. नळीला मात्र हा तर्क मान्य नाही.

नळीत दाब तीन गोष्टींवर खर्च होतो. एक, मिश्रणाचे वजन उचलण्यावर. दुसरा, भिंतीशी आणि एकमेकांशी होणाऱ्या घर्षणावर. तिसरा, वर जाताना वायू प्रसरण पावून वेग वाढतो त्यावर. तिसरा सहसा किरकोळ. नेहमीच्या तेलविहिरीत वजनाचा वाटा सिंहाचा असतो आणि घर्षण मागल्या बाकावर बसलेले असते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. वायू वाढवत नेला की वजन घटते, पण वेग वाढतो, आणि घर्षण साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीने चढते. सुरुवातीला वजनात वाचलेले जास्त असते. मग एक बिंदू असा येतो, जिथे वाचलेला प्रत्येक किलो घर्षण गिळून टाकते. त्या बिंदूनंतर वायू वाढवला तर तेल कमी होते. आलेखावर ही रेषा टेकडीसारखी दिसते: चढते, माथ्यावर रेंगाळते, उतरते.

यातले घर्षण साधेसुधे नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. १९४९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉकहार्ट आणि मार्टिनेली यांनी नळ्यांमधून हवा आणि वेगवेगळे द्रव एकत्र सोडून दाबाची घट मोजली आणि ती मांडायची एक रीत दिली. पुढे चिझम यांनी तिला सुटसुटीत सूत्राचे रूप दिले. समजा, एका नळीतून ठरावीक द्रव एकटाच जाताना घर्षणावर एक एकक दाब खर्च होतो. त्याच नळीतून ठरावीक वायू एकटाच जाताना तेवढाच, एक एकक. दोघांना एकत्र सोडले तर किती? शाळेतले उत्तर दोन. दोन्ही प्रवाह खळाळते असतील तर सूत्राचे उत्तर येते बावीस. दोघांचे स्वतःचे एक-एक आणि एकत्र येण्याचे वीस.

ही वीस एकके जातात कुठे? वायूने जागा घेतल्यामुळे द्रवाला अरुंद वाटेने धावावे लागते. दोघांमधला पृष्ठभाग गुळगुळीत राहत नाही. त्यावर लाटा उठतात आणि धावणाऱ्या वायूला ती लाटांची भिंत खडबडीत लागते. लाटांचे शेंडे तुटून थेंब होतात, वायू त्या थेंबांना खेचून वेग देतो, ते पुन्हा भिंतीवरच्या द्रवात आपटतात आणि दिलेला वेग फुकट जातो. मग नवे थेंब, नवा वेग. द्रव वर गेल्यासारखा दिसतो, पण त्याला पुन्हा पुन्हा नव्याने पळवण्यातच दाब संपतो. एक सावधगिरी: हे सूत्र मूळ आडव्या नळ्यांच्या मोजमापांवरचे आहे. उभ्या नळीत वजनाचा हिशेब वेगळा करून घर्षणापुरते ते लावतात आणि अंदाज म्हणूनच घेतात. तरी एकास एक मिळवून बावीस होतात, हे डोक्यात राहिले की ‘आणखी वायू सोडा’ असे म्हणण्याआधी माणूस जरा थबकतो.

उभ्या नळीचा स्वभाव तर त्याहून विक्षिप्त. वायू थोडा असेल तर सुटे बुडबुडे वर चढतात. वाढला की ते एकत्र येऊन बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे मोठे बुडबुडे बनतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्या इंग्लंडच्या जेफ्री टेलर यांचेच नाव त्यांना मिळाले आहे. तीन इंची नळीत, स्थिर द्रवात असा बुडबुडा सेकंदाला सुमारे तीस सेंटिमीटर वेगाने चढतो. वायू आणखी वाढला की घुसळण सुरू होते, द्रव वर-खाली हेलकावे खातो. शेवटी वायू मधल्या वाटेने सुसाट जातो आणि द्रव भिंतीला पातळ थर होऊन चिकटतो.

यातल्या टेलर बुडबुड्याच्या टप्प्यावर एक गंमत आहे. बुडबुडा वर जातो तेव्हा त्याच्या कडेचा द्रव भिंतीलगत खाली घसरत असतो. म्हणजे एकूण प्रवाह वर चाललेला असताना भिंत मात्र खाली पडणाऱ्या द्रवाला धरून ठेवते. प्रवाह मंद असेल तर या घसरणाऱ्या थरांचा हिशेब इतका भरतो की एकूण घर्षणाचे चिन्ह उलटे येते. भिंत अडवायच्या ऐवजी थोडा भार पेलते! नळीतल्या घर्षणाचे उत्तर उणे आले की विद्यार्थी आधी स्वतःची आकडेमोड तपासतो. ती बरोबर असू शकते. अर्थात हा फायदा हाती लागत नाही. भिंतीने पेललेले ते वजन आधी उचलून वर नेण्यावर दाब खर्च झालेलाच असतो.

मग नळीच मोठी टाका, असे कोणी म्हणेल. प्रवाह तोच ठेवून व्यास तीन इंचांवरून चार केला तर घर्षण जवळपास चौथाईवर येते, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने घटते. पण वेगही निम्म्याच्या जवळ येतो, आणि रुंद वाटेत वायूला द्रवाची सोबत करायचे कारण उरत नाही. तो बाजूने सटकतो, द्रव मागे साचतो, स्तंभ पुन्हा जड होतो. अरुंद नळीत घर्षण मारते, रुंद नळीत निसटणे मारते. विहिरीचे वय, पाण्याचे प्रमाण, थराचा दाब बदलला की योग्य व्यास आणि योग्य वायूही बदलतो. तरुणपणी बसवलेली नळी म्हातारपणी बसतेच असे नाही.

आता एका प्लॅटफॉर्मवर अशा अनेक विहिरी असतात आणि कॉम्प्रेसरची ताकद ठरलेली. वायू वाटायचा कसा? सर्वांना सारखा दिला तर ते न्याय्य वाटते, पण तोट्याचे ठरते. सर्वांत जास्त तेल देणाऱ्या विहिरीला सर्वांत जास्त दिला तर तेही चूक, कारण ती कदाचित टेकडीच्या माथ्यावर पोचलेली असते. बरोबर वाटप एकच: वायूचा पुढचा घनमीटर ज्या विहिरीत सर्वांत जास्त वाढीव तेल देईल तिला द्यायचा, आणि सगळ्या विहिरींत तो लाभ सारखा होईपर्यंत हे करत राहायचे. कालव्याच्या पाळीत मुखाशी असलेला बागाईतदार तुंबेपर्यंत पाणी घेतो आणि शेपटाकडचा आभाळाकडे बघतो, तेव्हा गावाचे एकूण पीक जसे घटते, तसेच इथेही होते. फरक एवढाच की इथे मुखाशी कोण आणि शेपटाला कोण, हे डोळ्यांना दिसत नाही. मोजावे लागते.

शिवाय लिफ्टचा वायू वर येऊन पुन्हा वापरला जातो, म्हणून तो फुकट असतो असा एक समज आहे. प्लॅटफॉर्मवरचे मोठे कॉम्प्रेसर वायूच जाळून चालतात. माथा ओलांडून एखाद्या विहिरीत कोंबलेल्या वायूसाठी दुसरा वायू जळतो, आणि किनाऱ्यावर वीजकेंद्र वायूची वाट बघत असते. या दोन गोष्टींत सरळ नाते जोडणे अन्यायाचे होईल, कारण वीजकेंद्राच्या उपासमारीला वाटपाची आणि दराची मोठी कारणे आहेत. पण वायूची चणचण असलेल्या देशात घर्षणावर वायू जाळणे ही चैन आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

कमी वायू सोडला तर सगळे शांत, असेही नाही. तेव्हा विहीर हेलकावे खाऊ लागते. काही वेळ गप्प, मग एकदम द्रवाचा लोंढा, मग नुसता वायू. तेलक्षेत्रातली माणसे याला ‘हेडिंग’ म्हणतात आणि त्याला मनापासून कंटाळतात. लांब वाहिन्यांतही हाच स्वभाव दिसतो. वायूबरोबर आलेला द्रव सखल जागी साचतो आणि एका दमात पुढे ढकलला जातो. उरणच्या प्रकल्पात वाहिन्यांच्या तोंडाशी स्लग कॅचर आहेत ते याचसाठी. बाहेरून बघणाऱ्याला त्या जाडजूड टाक्या वाटतात. त्यांचे काम म्हणजे समुद्राकडून अवचित येणारा लोंढा झेलून पुढची यंत्रे वाचवणे.

आता मूळ मुद्दा. हा सगळा हिशेब ज्या सूत्रांवर चालतो ती निखळ सिद्धांतातून आलेली नाहीत. कोणीतरी कुठेतरी नळीत मोजमाप केले आणि त्यावरून रेषा ओढली. हॅगेडॉर्न आणि ब्राऊन यांचे १९६५ चे प्रसिद्ध सूत्र अमेरिकेतल्या पंधराशे फुटी प्रायोगिक विहिरीवरचे, नळ्या एक ते दीड इंची. लॉकहार्ट-मार्टिनेली यांची सर्वांत बारीक नळी दीड मिलिमीटरची होती, सर्वांत जाड जेमतेम इंचभर. ही कामे मोठी आहेत, अजून वापरली जातात, आणि ती करणाऱ्यांनी आपल्या मर्यादा लपवल्या नाहीत. पण ज्या परिस्थितीत मोजले तिच्याबाहेर सूत्र नेले की ते चुकू शकते, आणि किती चुकेल हे प्रत्यक्ष विहिरीत दाबमापक उतरवल्याशिवाय कळत नाही. मुंबई हायमध्ये उत्पादन सुरू होऊन आता अर्धशतक होत आले. इतक्या वर्षांत विहिरीत खोलीनुसार घेतलेले दाब, सोडलेला वायू, आलेले तेल-पाणी यांच्या नोंदी हे या देशाचे सर्वांत मोठे घर्षण-प्रयोगपुस्तक आहे. ते अमेरिकेतल्या पंधराशे फुटी विहिरीपेक्षा आपल्या कामाचे आहे.

या नोंदी वाचू शकणारी माणसेही फार लांब नाहीत. ओएनजीसीची तेल-वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था पनवेलला आहे. १९८० च्या दशकापासून गॅस लिफ्टसह याच प्रश्नांवर तिथे काम चालते. खाली मुंबई-गोवा महामार्गावर लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकवतात. पुण्यात पेट्रोलियम अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आहेत. प्रकल्पात नोकऱ्या स्थानिकांना द्या, ही उरणची मागणी जुनी आणि रास्त आहे, पण ती बहुधा सुरक्षारक्षक, कंत्राटी कामगार आणि हेल्पर यांच्यापुरती थांबते. ज्या कामात मेंदू लागतो त्यात वाटा मागायला हवा, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे ही आकडेवारी.

बीपीला बोलावले म्हणून नाके मुरडण्यात अर्थ नाही. जुने क्षेत्र नव्या डोळ्यांनी पाहिले जावे हे बरेच आहे, आणि नव्या डोळ्यांना दिसणाऱ्या पहिल्या गोष्टींत बहुधा वायूवाटपच असेल, कारण नवी विहीर न खणता, नवा प्लॅटफॉर्म न उभारता जे वाढीव तेल मिळते ते बरेचसे तिथेच दडलेले असते. पण हा अभ्यास कराराच्या गोपनीयतेत बंद होऊन दहा वर्षांनी फक्त एक टक्केवारी बाहेर येणार असेल, तर पुढच्या वेळीही आपल्याला बाहेरूनच कोणालातरी बोलवावे लागेल. हायड्रोकार्बन महासंचालनालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय विदा भांडार सुरू केले. भूगर्भाची माहिती एका ठिकाणी असावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे. त्यात विद्यार्थ्याला हाताळता येईल असा एक छोटा कप्पा ठेवायला काय हरकत आहे?

मागणी अगदी माफक आहे. बंद झालेल्या किंवा निदान दहा वर्षे जुन्या नोंदी असलेल्या दहा-बारा विहिरी निवडा. त्यांची नावे आणि जागा झाका. ट्युबिंगचा व्यास, खोलीनुसार दाब आणि तापमान, सोडलेला वायू, वर आलेले तेल, पाणी आणि वायू, एवढेच रकाने द्या. व्यापारी गुपित त्यात फारसे राहत नाही, सुरक्षेचे काही असेल तर ते रकाने वगळा. लोणेऱ्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यावर १९६५ चे सूत्र लावून पाहू द्या. कुठे जुळते, कुठे वीस टक्क्यांनी चुकते, कुठे घर्षण उणे येते, हे त्यांनी मांडावे आणि पनवेलच्या अभियंत्यांनी ते वर्षातून एकदा समोर बसून तपासावे. पनवेल ते लोणेरे हा अख्खा रस्ता याच जिल्ह्यातला आहे.